पदवी आणि तिचा दर्जा : आपल्या उच्च शिक्षणाचा इतिहास



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दरवर्षी एकच चर्चा चालते. मार्क चांगले पडले तर लेकराला लातूरला नाहीतर नांदेडला क्लासला धाडायचं. मध्यम पडले तर कॉमर्स किंवा आयटीआय बघायचं. आणि काहीच जमलं नाही तर शेवटी कोणीतरी म्हणतं, "टाका मग आर्ट्सला." हा 'टाका' शब्द आम्हाला फार लागतो. टाकतात ती वस्तू, जिचा उपयोग संपला. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी, पाली, तत्त्वज्ञान हे विषय आपल्या घराघरांत असे टाकाऊ कधीपासून झाले, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आम्ही काही प्राध्यापक नाही. हंगामात जिनिंगला रात्रपाळी, हंगाम सरला की मिळेल ते काम, अशी तीस वर्षे गेली. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे जे काही वाचन झाले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण ज्या शिक्षणासाठी आपल्या समाजाने जीव दिले, त्या शिक्षणाचा हिशेब विचारण्याचा हक्क गिरणीत काम करणाऱ्यालाही आहे असे आम्हाला वाटते.

निजामाच्या राज्यातले शिक्षण

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तिथे शिकवण्याची भाषा उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच केले पाहिजे. पण मराठी मुलखातल्या खेड्यातल्या पोराला त्याचा काय उपयोग? मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांसाठी १९२३ साली औरंगाबादेस इंटरमिजिएट कॉलेज निघाले. इंटरच्या पुढे शिकायचे तर हैदराबादची गाडी धरावी लागे. ज्यांच्या घरी जमीन, वतन, वकिली होती त्यांची मुले गेली. आपल्या आजा-पणजांना गावच्या शाळेच्या आत पाय ठेवायची मारामार, तिथे कॉलेजचे नाव कोण घेणार!

हे सांगायचे कारण असे की आज परभणीत बसस्टँडवरून चालत गेले तरी कॉलेज लागते. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा इथून पोरी सकाळच्या बसने येतात आणि दुपारी परत जातात. दोन-तीन पिढ्यांत हे झाले. हे आपोआप झालेले नाही.

बाबासाहेब कोणत्या लाईनला होते?

आमच्याजवळ येणाऱ्या पोरांना आम्ही कधीकधी विचारतो, बाबासाहेब कोणत्या लाईनला होते? पोरं गोंधळतात. कोणी म्हणतो वकील, कोणी म्हणतो सगळ्याच. कागदावर बघितले तर उत्तर सोपे आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय घेतले. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात. पुढे लंडनला १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या मिळाल्या. नावात सायन्स असले तरी विषय अर्थशास्त्र होता. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाला. १९४६ साली शूद्र कोण होते याचा शोध घेणारे पुस्तक आले, तो इतिहास. राज्यघटना हे कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे काम. म्हणजे आपल्याला माणूस म्हणून उभे करणारी जी जी हत्यारे बाबासाहेबांनी घडवली, ती सगळी आज आपण ज्याला 'आर्ट्स' म्हणतो त्याच कारखान्यातली आहेत.

पण नुसते विषय सांगून भागत नाही. त्या शिक्षणाचा कस बघा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा गेले. ग्रंथालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, अर्धपोटी राहून. डी.एस्सी.चा प्रबंध दिला तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितला. इंग्रज सरकारच्या धोरणावर त्यात कडक टीका होती. बाबासाहेबांनी प्रबंध पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. ज्याचा अभ्यास पक्का असतो त्यालाच असे उभे राहता येते. पुढे हिंदुस्थानच्या चलनाबद्दल नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली, ती याच अभ्यासाच्या जोरावर.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. दिली आणि १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्या वेळी परभणी हैदराबाद राज्यातच होती. ज्या विद्यापीठाच्या दारापर्यंत आपल्या आजोबांची सावली गेली नाही, त्याच विद्यापीठाने आपल्या बापाला सन्मानाने बोलावून पदवी दिली.

१९२४ ची साक्ष

दर्जाबद्दल बाबासाहेबांचे काय मत होते, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४ साली एक समिती नेमली होती. तिच्या प्रश्नावलीला बाबासाहेबांनी लेखी उत्तरे दिली. ती आज त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत आणि प्रत्येक कॉलेजच्या पोराने वाचावीत अशी आहेत. आमच्या शब्दांत त्यांचे सार असे. विद्यापीठाचे काम फक्त परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढेच ठेवले तर तिथे ज्ञान वाढणार नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणे हे उच्च शिक्षणाचे काम नाही. त्याची स्वतःची बुद्धी जागी झाली पाहिजे. मोठमोठ्या ग्रंथकारांनी लिहिलेलेही त्याने तपासून बघितले पाहिजे, जमेल तिथे मूळ कागदापर्यंत गेले पाहिजे, आणि कोणतेही काम मुळापासून पक्के करण्याची सवय त्याला लागली पाहिजे. शिकवणे निःपक्षपाती असले पाहिजे.

शंभर वर्षे झाली या उत्तरांना. त्यातली एक एक अट घेऊन आज आपली मुले ज्या वर्गात बसतात तिथे लावून बघा. किती ठिकाणी बसते?

मिलिंद का म्हटले?

बाबासाहेब फक्त मत देऊन थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर त्यांनी ताबडतोब मराठवाड्याकडे लक्ष वळवले आणि १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, कॉलेज उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाड्यात सामान्यांसाठी उच्च शिक्षणाची पहाट झाली ती अशी.

पुढे त्या कॉलेजला मिलिंद महाविद्यालय आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा, मिनँडर. तो विद्वानांना प्रश्न विचारून निरुत्तर करी. शेवटी भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. रथ म्हणजे काय, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे उलट प्रश्न विचारून त्याने राजाला विचार करायला लावले. आता विचार करा, बाबासाहेबांनी कॉलेजला नाव कोणाचे दिले? प्रश्न विचारणाऱ्याचे. राजा असून त्याला प्रश्न विचारण्यात कमीपणा वाटला नाही, आणि भिक्खू असून नागसेनाला राजाला उलट विचारायची भीती वाटली नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांचे नाते कसे असावे, ते त्या पाटीवरच लिहिले आहे.

त्या कॉलेजातून काय निघाले? अधिकारी निघाले, वकील निघाले, आपल्या जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या शाळांना मास्तर मिळाले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली भाषा तिथे बोलायला लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या लिखाणाची ओळख त्यांनी आपल्या पोरांना करून दिली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या शेवटी 'अस्मितादर्श' सुरू केले. ते पुढे दलित साहित्याचे हक्काचे घर झाले. २०१८ साली पानतावणे सरांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले. हे सगळे भाषा आणि साहित्य शिकवणारे लोक. यांना कोणी 'आर्ट्सला टाकले' नव्हते.

दर्जा आणि गरिबाचे पोर

इथे एक शंका कोणीही काढील. दर्जा, दर्जा म्हणून ओरडले की त्याचा फटका शेवटी गरिबालाच बसतो. ही शंका खोटी नाही. नालंदा विद्यापीठाचे वर्णन सातव्या शतकातल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्खूने लिहून ठेवले आहे. तिथे दारातच विद्वान लोक परीक्षा घेत. दहा आले तर सात-आठ जणांना परत जावे लागे. नालंदेचा आपल्याला अभिमान आहे. पण आपली लेकरं त्या दाराशी उभी राहिली असती तर त्यातली किती आत गेली असती? ज्याच्या घरी दिवा नाही, पुस्तक नाही, त्याला दारातच पाडणे सोपे असते.

बाबासाहेबांनी यावर जो मार्ग काढला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. दार सगळ्यांना उघडे ठेवायचे आणि आतले शिकवणे मात्र पक्के ठेवायचे. आत आलेल्याला टिकता यावे म्हणून शिष्यवृत्ती, वसतिगृह, ग्रंथालय द्यायचे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारकडून आपल्या मुलांसाठी पैसे मंजूर करून घेतले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आजही आपली मुले तोच अर्ज भरतात. धम्म स्वीकारल्यावर केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत मिळत नव्हत्या. त्या काळात आपल्या किती पोरांची शिक्षणे मध्येच सुटली असतील!

म्हणून राखीव जागांमुळे दर्जा घसरला असे जो म्हणतो, त्याला आपण एकच विचारावे. वर्गावर शिक्षक आहे का? ग्रंथालय उघडे असते का? दर्जा घसरतो तो तिथे. आत येणाऱ्या पोराच्या जातीने तो घसरत नाही. कोलंबियात शिकलेल्या त्या एका विद्यार्थ्याने हे जगाला दाखवून दिले आहे.

नावासाठी सांडलेले रक्त

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आपल्या परभणीची कॉलेजेही मग त्याच विद्यापीठाखाली आली. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. आम्ही तेव्हा लहान होतो. पण घरातल्या मोठ्यांचे दबक्या आवाजातले बोलणे आणि दाराला लावलेली कडी आजही आठवते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारले. घरे जळाली, लोक गाव सोडून गेले. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँगमार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. सोळा वर्षांनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले आणि परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला.

जगाच्या इतिहासात लोक जमिनीसाठी, राज्यासाठी लढले. एका विद्यापीठाच्या नावासाठी मजूर, शेतमजूर, अडाणी माणसे सोळा वर्षे लढली आणि मेली, हे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. त्यांतल्या कित्येकांनी विद्यापीठाची कमानही पाहिली नव्हती. विद्यापीठ ही आपल्या लेकरांची वस्तू आहे, एवढे त्यांना कळत होते. ती वस्तू आज कोणत्या अवस्थेत आहे, हे बघणे आपल्यावर आले आहे.

आजची स्थिती

आमच्या जिनिंगला कापसाची गाडी आली की ग्रेडर आधी ढिगात हात घालतो. ओलावा किती, कचरा किती, धागा किती लांब, हे बघूनच भाव ठरतो. वरून पांढरा दिसतो म्हणून कोणी भाव देत नाही. पदवीचे मात्र उलट झाले आहे. वरचा कागद पांढरा आहे एवढ्यावर आपण समाधान मानतो. आत हात घालून बघत नाही.

वर्षभर वर्गात न जाता परीक्षेच्या आधी गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच आणायचा, ही रीत झाली आहे. कुठे कुठे कॉपी चालते आणि आई-बापच ती पोचवायला धावतात. दुसरीकडे वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली आपलीच मुले तासिका तत्त्वावर राबतात. तासाप्रमाणे पैसे, सुटीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी काम मिळेल याचा भरवसा नाही. आम्ही हंगामी कामगार आहोत, म्हणून हे दुःख आम्हाला न सांगता कळते. ज्या मास्तराला पुढच्या जूनमध्ये चूल पेटेल की नाही ठाऊक नाही, त्याने नागसेन व्हावे ही अपेक्षा कशी करायची?

आम्ही सायन्सच्या विरुद्ध नाही. आपल्या परभणीत १८ मे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. तिथे आपली मुले शिकावीत, डॉक्टर-इंजिनिअर व्हावेत, हे आम्हालाही हवेच आहे. पण समाजात सगळेच डॉक्टर-इंजिनिअर होणार नाहीत. आणि झाले तरी मजुरीचा कायदा, सरकारी निर्णयाची भाषा, आपला इतिहास कोण वाचणार?

एका गिरणीतली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. कामगारांचा फंड कापला जात होता, पण भरला जात नव्हता. चार वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. वस्तीतल्या एम.ए. करणाऱ्या एका पोरीने पावत्या बघितल्या, कायद्याचे पुस्तक काढले, व्यवस्थित अर्ज लिहिला. तिचे विषय अर्थशास्त्र आणि मराठी. पहिल्याने तिने हिशेब ओळखला, दुसऱ्याने तो साहेबाला नाकारता येणार नाही अशा शब्दांत मांडला. पैसे जमा झाले. आर्ट्सचा काय उपयोग, असे त्या गिरणीत आता कोणी विचारत नाही.

आणि १० डिसेंबर २०२४ कोण विसरेल? रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्या दिवसांत आपल्याला सगळ्यात जास्त गरज कोणाची पडली, ते आठवा. कागद वाचणारा, कलम सांगणारा, अर्ज लिहिणारा, पत्रकाराला नीट हकीकत सांगणारा माणूस आपण दारोदार शोधत होतो. असा माणूस गाईड वाचून तयार होत नाही.

आपण काय करायचे?

मोठ्या गोष्टी सरकारने करायच्या आहेत. जागा भरणे, शिष्यवृत्ती वेळेवर देणे, यासाठी मोर्चे काढावेच लागतील. पण काही कामे आपल्या हातची आहेत.

पोरगं कॉलेजात घालण्याआधी आई-बापाने जाऊन बघावे. शिक्षक किती, तास होतात का, ग्रंथालयातली पुस्तके घरी मिळतात का, हे विचारायला लाजू नये. आपण बैल घेताना दात बघतो. कॉपी पोचवणाऱ्या बापाला वस्तीने चारचौघांत सांगावे की बाबा, तू लेकराचं वाटोळं करतोस. हुशार लेकराने स्वतःहून इतिहास किंवा पाली घेतो म्हटले तर त्याला हसू नये. पोरीचे शिक्षण "बी.ए.च तर आहे" म्हणून लग्नासाठी मध्येच तोडू नये. आणि आपल्या विहाराचे कपाट वर्षातून दोन जयंत्यांनाच न उघडता रोज संध्याकाळी दोन तास उघडावे. बाबासाहेबांचे खंड तिथे आहेत. ते फुले वाहण्यापुरते ठेवू नयेत. दर रविवारी एक पान वाचावे आणि त्यावर पोरांनी प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तरी चालेल, प्रश्न आला पाहिजे.

आमची पिढी नावासाठी लढली आणि नाव मिळाले. आता त्या नावाला शोभेल असे शिक्षण मागायचे आहे. मजुरी कमी दिली तर आपण गेटवर उभे राहतो. शिक्षण कमी दिले तर तसेच उभे राहायला शिकू या.

जय भीम!